खुर्चीचा कर्ता कोण?

खुर्ची एकट्याने होत नाही, हे सुताराला सांगावे लागत नाही. ते सांगावे लागते समीक्षकांना, संग्रहालयात वस्तूंखालच्या पाट्या लिहिणाऱ्यांना, आणि 'प्रतिभा' हा शब्द उच्चारताना ज्यांचा आवाज आपोआप खाली येतो अशा आमच्या साहित्यप्रेमी मित्रांना. आधुनिकतावाद शिकवताना कवितेच्या जोडीने चित्र, इमारत आणि आता खुर्चीही वर्गात येऊ लागली आहे. याबद्दल आमची तक्रार नाही. हे खरे तर फार पूर्वी व्हायला हवे होते. तक्रार आहे ती खुर्चीबरोबर येणाऱ्या गोष्टीबद्दल. युद्ध आले, धातू मिळेनासा झाला, कारखाने बंदुकांकडे वळले, इतर सारे हातपाय गाळून बसले. पण एका प्रतिभावंताने त्या अभावातूनच नवे रूप शोधून काढले, अशी ती गोष्ट. वर 'गरज ही शोधाची जननी' हे शाळेच्या फळ्यावरचे वाक्य. या गोष्टीत दोन समजुती एकमेकींत गुंफलेल्या आहेत. टंचाई ही एक प्रकारची सरस्वतीच असते, ही पहिली. आणि कलाकृतीला कर्ता एकच असतो, ही दुसरी. आमच्या मते दोन्ही चुकीच्या आहेत, आणि पहिलीच्या आडोशाने दुसरी निभावून जाते ही त्यातली अधिक गंभीर बाब आहे.

उदाहरण नेहमीचेच घेऊ. 'टाइम' साप्ताहिकाने १९९९ साली शतकातील सर्वोत्तम अभिकल्प म्हणून जिचा गौरव केला ती प्लायवुडची बुटकी खुर्ची. (गुबगुबीत कातडी गाद्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची ती ही नव्हे, ती १९५६ सालची, आणि तिच्यावर बसणाऱ्यांचा वर्गही वेगळा.) १९४५-४६च्या सुमारास तयार झालेल्या या खुर्चीची कथा अशी सांगितली जाते: चार्ल्स ईम्स हे वास्तुकार आणि रे कैसर या चित्रकार १९४१ साली विवाह करून लॉस एंजेलिसला आले. रिचर्ड नॉइट्रा या वास्तुकाराने बांधलेल्या इमारतीत त्यांनी भाड्याने घर घेतले. दिवसा चार्ल्स एमजीएम या चित्रपटसंस्थेत नेपथ्यविभागात काम करीत. उरलेल्या वेळात घरातच एक यंत्र तयार झाले. प्लॅस्टरचा साचा, तो तापवण्यासाठी विजेच्या तारा, आणि लाकडाचे गोंद लावलेले पापुद्रे साच्यावर दाबून बसवणारी फुगवण्याची पिशवी. पिशवीत हवा भरायला सायकलचा पंप. यंत्राचे नाव 'कझाम', म्हणजे जादूगाराने रुमाल उचलताना म्हणावे तसे काहीतरी. या घरगुती जादूतून आधी नौदलासाठी मोडलेल्या पायाला बांधायचे स्प्लिंट निघाले आणि मग खुर्ची.

कथा सुंदर आहे. तपशीलही खरे आहेत. खोटी आहे ती तिची वाक्यरचना.

मराठी व्याकरण शिकलेल्यांच्या हे चटकन ध्यानात यावे. 'चार्ल्सने खुर्ची घडवली' हा कर्मणी प्रयोग. येथे क्रियापद चार्ल्सकडे पाहत नाही, खुर्चीकडे पाहते. त्याचे लिंग, वचन खुर्चीप्रमाणे चालते. आणि 'चार्ल्सने'मधील तृतीयेचा प्रत्यय 'पंपाने'मध्येही तोच आहे. कर्ता आणि करण यांना आपली भाषा एकच प्रत्यय लावते. कोण करणारा आणि कोण केवळ साधन, हे आपल्याला अर्थावरून ठरवावे लागते. हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती श्रेयाचे वाटप. १९४६ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने हे फर्निचर प्रदर्शित केले तेव्हा तो अधिकार बजावला गेला. प्रदर्शन एकट्या चार्ल्स ईम्स यांच्या नावाने झाले. एक पत्नी, एक शिल्पकार, एक छायाचित्रकार, एक वास्तुकार आणि नौदलाचे एक खाते असे सगळे एका फटक्यात कर्त्याच्या रकान्यातून करणाच्या रकान्यात गेले, सायकलच्या पंपाशेजारी.

आता मागे जाऊ. कारण टंचाईने नेमके काय केले हे पाहायचे तर युद्धाच्या आधीचे वर्ष पाहावे लागते. त्याच संग्रहालयाने १९४० साली घरगुती फर्निचरसाठी एक स्पर्धा जाहीर केली. मिशिगनमधील क्रॅनब्रुक कला अकादमीतून चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन या दोघांनी मिळून आराखडे पाठवले आणि दोन विभागांत पहिली पारितोषिके मिळवली. आराखडे नि नमुने तयार करण्याच्या कामात अकादमीतले इतर लोकही होते. रे कैसर त्यांच्यातल्याच एक. कल्पना अशी की पाठ, बैठक आणि हात असे सारे प्लायवुडच्या एकाच कवचातून निघावे. पण प्लायवुडचा स्वभाव आडमुठा. एका दिशेने ते वाकते. फिनलंडमध्ये आल्वार आल्टो यांनी १९३०च्या दशकात ते वाकवून दाखवले होते, आणि तेही ओट्टो कोर्होनेन या तुर्कूच्या फर्निचर-कारखानदाराच्या संगतीने, हे विसरून चालणार नाही. एकाच वेळी दोन दिशांना वळवू गेले, वाटीसारखे करू गेले, की पापुद्रे तडकतात. स्पर्धेतल्या खुर्च्यांची कवचेही तडकली. ते झाकण्यासाठी त्यांच्यावर गादी नि कापड चढवावे लागले. पाय ॲल्युमिनियमचे ठरले होते. ते लाकडाचे झाले. लाकूड, रबर आणि धातू एकमेकांना जोडण्याची क्रायस्लर कंपनीची एक पद्धत वापरायची होती. ती लष्करी कामासाठी राखून ठेवली गेली. सप्टेंबर १९४१मध्ये प्रदर्शन भरले, कौतुक झाले, आणि ठरल्याप्रमाणे स्वस्तात, हजारोंनी खुर्च्या निघण्याचा बेत बारगळला.

टंचाईचे काम ते एवढेच. तिने खुर्ची अडवली. ती कोणाच्या स्वप्नात येऊन काही कुजबुजली नाही.

मग खुर्ची सुटली कशाने? नौदलाच्या एका डॉक्टर-मित्राने जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या धातूच्या स्प्लिंटविषयी तक्रार सांगितली होती. धातू थरथरतो, आणि रुग्णाला उचलून नेताना ती थरथर दुखापत वाढवते. १९४२ साली प्लायवुडचे स्प्लिंट तयार झाले. साचा चार्ल्स यांच्याच पायावरून घेतलेला. नौदलाने सुरुवातीला पाच हजारांची मागणी नोंदवली. युद्ध संपेपर्यंत सुमारे दीड लाख नग निघाले. मागणीबरोबर काय काय आले ते पाहावे: लाकडाच्या पापुद्र्यांचा पुरवठा, बाजारात सहजी न मिळणारे नवे कृत्रिम गोंद, प्रयोग फसला तरी चालेल एवढा वेळ, आणि भांडवल. भांडवल कमी पडले तेव्हा १९४३ साली डेट्रॉइटच्या इव्हान्स प्रॉडक्ट्स कंपनीने तो उद्योग आपल्या पोटात घेतला. पुढे ग्लायडर विमानांचे भागही याच हातांनी केले. म्हणजे ज्या काळात इतरांना प्लायवुड मिळत नव्हते त्या काळात या मंडळींना ते भरपूर, आणि सरकारी खर्चाने, मिळत होते.

टंचाई म्हणजे वस्तू नसणे नव्हे. वस्तू कोणाला मिळावी हे कुणीतरी ठरवणे. सिमेंटच्या परमिटासाठी ज्यांच्या वडिलांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले त्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही कलेचा विषय निघाला की हीच पिढी 'अभावातून निर्मिती' असे सद्गदित होऊन म्हणते. साठोत्तरी अनियतकालिकांबद्दल लिहितानाही हाच सूर लागतो. पैसे नव्हते म्हणून सायक्लोस्टाइल, आणि सायक्लोस्टाइल म्हणून बंडखोरी, जणू शाईचे डाग हेच काव्यमूल्य. पैसे नव्हते तेव्हा कागद कोणी आणला, यंत्र कोणाच्या कचेरीतले होते, पाने कोणी लावली, घरच्या कोणी रात्री चहा केला, हे विचारले की चेहरे पडतात. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लॉस एंजेलिसच्या त्या कार्यशाळेत कोण कोण होते? हॅरी बर्टोया: धातूचे काम जाणणारे, क्रॅनब्रुकमध्ये धातुकाम शिकवणारे शिल्पकार. हर्बर्ट मॅटर: स्विस छायाचित्रकार आणि मुद्रणकलेचे जाणकार. ग्रेगरी एन: कॅलिफोर्नियातले नाणावलेले वास्तुकार. मार्गारेट हॅरिस: रंगभूमीच्या वेशभूषेचा अनुभव असलेल्या. ग्रिस्वल्ड रेट्झ. पैशाच्या आणि प्रसिद्धीच्या बाजूला 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा. आणि रे ईम्स. न्यूयॉर्कमध्ये हान्स होफमान यांच्याकडे चित्रकला शिकलेल्या, अमूर्त चित्रकारांच्या संघटनेच्या आरंभापासूनच्या सभासद, एन्टेन्झांच्या मासिकाची त्या वर्षांतली अनेक मुखपृष्ठे ज्यांनी केली त्या रे. १९४३ साली त्यांनी प्लायवुडचे एक शिल्प केले. स्प्लिंटला असतात तशाच चिरा आणि पोकळ्या त्यात आहेत. आता सांगा, त्या चिरा वैद्यकीय आहेत की शिल्पकलेच्या? पट्टी ओवून पायाला बांधण्यासाठी चिरा हव्यातच. वाकताना लाकडावर येणारा ताण मोकळा व्हावा म्हणूनही हव्यात. पण नेमकी कोठे आणि किती रुंद चीर दिली म्हणजे वळण तुटल्यासारखे न दिसता वाहिल्यासारखे दिसेल, हे डॉक्टरला कळत नाही, अभियंत्यालाही कळत नाही. जिने दहा वर्षे सपाट कॅनव्हासवर आकार आणि पोकळी यांचे भांडण सोडवले तिला ते कळते. हे आमचे अनुमान आहे. पण 'सारे चार्ल्सचे' हेही अनुमानच आहे, आणि त्याला पुराव्याचा आधार आमच्याहून कमी आहे.

१९४६च्या प्रदर्शनानंतर काय झाले? त्याच वर्षी बर्टोया बाहेर पडले; पुढे १९५२ साली नॉल कंपनीसाठी त्यांनी तारेच्या जाळीच्या खुर्च्या केल्या आणि त्यांना त्यांचे नाव मिळाले. रे राहिल्या. १९५६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात हे जोडपे गेले तेव्हा सूत्रसंचालिकेने रे यांची ओळख यशस्वी पुरुषाच्या पाठीशी असलेली कर्तबगार स्त्री अशा धर्तीवर करून दिली. चार्ल्स मुलाखतीत त्यांच्या वाट्याचा उल्लेख करीत राहिले. उपयोग फारसा झाला नाही. आज विक्रेते आणि संग्रहालये दोघांची नावे देतात. हे योग्यच आहे. परंतु येथे आमचे उत्साही मित्र पुन्हा घाई करतात. एका प्रतिभावंताऐवजी प्रतिभावंत जोडपे आणून बसवले की काम झाले, असे त्यांना वाटते. लग्नाच्या दाखल्याने कर्तृत्वाचा प्रश्न सुटत नाही. बर्टोयांचे काय, मॅटर यांचे काय, पापुद्र्यांना गोंद लावणाऱ्या आणि दाबयंत्रे चालवणाऱ्या कामगारांचे काय, हे प्रश्न 'चार्ल्स आणि रे' या गोड उभयान्वयी अव्ययाखाली झाकले जातात.

म्हणून आमचा आग्रह असा की नावे थोडा वेळ बाजूला ठेवून खुर्चीच वाचावी. साहित्याच्या विद्यार्थ्याला ते अवघड नाही. कविता वाचतो तशीच वाचायची, ओळ कोठे तुटते ते पाहत. या खुर्चीत ओळ तुटते ती पाठ आणि बैठक यांच्या मध्ये. दोन वेगळे तुकडे आहेत, मागच्या बाजूने एका कण्यासारख्या पट्टीवर बसवलेले. मध्ये हवा आहे. या हवेची रसिकांनी फार स्तुती केली आहे: किती हलकी, किती प्रामाणिक, जणू तरंगते. पण ही हवा म्हणजे खोडलेली ओळ आहे. १९४०चा मूळ हट्ट एकसंध कवचाचा होता. युद्धातल्या साऱ्या प्रयोगांनंतरही पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे प्लायवुड फुटतच राहिले. तेव्हा फुटणारा भागच काढून टाकला. आणि काढून टाकल्यावर दोन तुकडे जोडायचे कसे? रबराच्या चकत्यांनी. लाकूड आणि रबर चिकटवण्याची ती विद्या युद्धाच्या कारखानदारीत पिकली. याचा अर्थ, बसणाऱ्याची पाठ टेकताच किंचित लवणारी ती खुर्ची दोन गोष्टींची नोंद आहे: सारिनेन आणि ईम्स यांच्या सामायिक अपयशाची आणि लष्कराने राखून ठेवलेल्या, मग मोकळ्या केलेल्या एका तंत्राची. एकसंध कवच हवेच होते. ते प्लायवुडमध्ये कधी साधले नाही, १९५०मध्ये काचतंतूंच्या प्लॅस्टिकात साधले. तो काचतंतूही युद्धातून आलेला. अशा वस्तूवर एकच सही करायची म्हणजे खोडाखोडीने भरलेल्या हस्तलिखिताची एक स्वच्छ प्रत काढून मूळ कागद जाळण्यासारखे आहे.

आमच्या विरोधकांचा एक आक्षेप आम्ही ऐकून आहोत. काम अनेकांनी केले असेल, पण निर्णय कोणाचा? नाटकात नट अनेक, दिग्दर्शक एक. आक्षेप पोकळ नाही. चार्ल्स यांच्या नजरेविना ही खुर्ची झाली नसती, हे आम्हांलाही मान्य आहे. पण याच न्यायाने रे यांच्या नजरेविनाही ती झाली नसती, आणि नौदलाच्या त्या मागणीविनाही झाली नसती. 'याच्याविना झाले नसते' हा कर्तृत्वाचा निकष मानला तर कर्ते अनेक होतात. 'अंतिम होकार कोणाचा' हा मानला तर कर्ती इव्हान्स कंपनी ठरेल. एकट्या चार्ल्सकडे नेणारा निकष एकच उरतो: पाटीवर नाव कोणाचे. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरायचे.

सही न करता आधुनिक फर्निचर होऊ शकते का? झाले आहे. १९४२ साली ब्रिटनच्या बोर्ड ऑफ ट्रेडने 'युटिलिटी' फर्निचरची योजना आखली. लाकडाची आयात जवळजवळ थांबलेली, बॉम्बहल्ल्यांत घरे उद्ध्वस्त झालेली, आणि प्लायवुड विमानांकडे गेलेले. 'मॉस्किटो' हे विमान मुख्यतः लाकडाचेच होते, आणि त्याचे भाग करायला फर्निचरचे कारखाने जुंपले होते. सरकारने ठरवले की नवे फर्निचर फक्त नवविवाहितांना आणि घर गमावलेल्यांना मिळेल, परमिटावर, ठरावीक युनिटांत. आकार मंजूर यादीतलेच, किमती बांधलेल्या, आणि ते परवाना असलेल्या कारखान्यांनीच करायचे. प्लायवुडच्या जागी हार्डबोर्डवर पातळ पापुद्रा. जानेवारी १९४३मध्ये यादी छापली गेली. आराखडे मुख्यतः एडविन क्लिंच आणि एच. टी. कटलर यांचे, दोघेही हाय विकम या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावच्या परंपरेतले. ही नावे आमच्या वाचकांपैकी किती जणांनी ऐकली आहेत? त्यांच्या वस्तूंवर त्यांची सही नव्हती. होती ती सरकारी शिक्क्याची, सगळ्यांवर सारखीच. इतिहासात जे नाव राहिले ते समितीवरच्या गॉर्डन रसेल यांचे, कारण समितीतल्या माणसाला आत्मचरित्र लिहिता येते.

या योजनेला आम्ही स्वर्ग म्हणत नाही. परमिट संपताच पुष्कळ लोक नक्षीदार, चकचकीत फर्निचरकडे वळले, आणि १९५२ साली योजना गुंडाळली तेव्हा फारसे कोणी रडले नाही. पण टंचाईचा प्रामाणिक इतिहास लिहायचा तर तो येथून लिहावा लागेल. येथे टंचाई खरोखर सर्वांच्या वाट्याला वाटली गेली, आणि म्हणूनच येथून 'प्रतिभावंत' निघाला नाही. लॉस एंजेलिसला ती वाटली गेली नाही, म्हणून निघाला. पोवाडे गाणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा नीट मांडून पाहावा.

आणि मांडताना तिसरा रकानाही ठेवावा. ज्या १९४२ साली नौदलाने स्प्लिंट मागवले त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला, आणि त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते, घरांतून उचलून छावण्यांत डांबण्यात आले. लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता घोडदौडीच्या मैदानावर तबेल्यांत माणसे ठेवली गेली. 'कझाम' यंत्राच्या घरापासून हे अंतर मोटारीने फार नाही. जॉर्ज नाकाशिमा यांना पत्नी आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोच्या वाळवंटातल्या मिनिडोका छावणीत पाठवण्यात आले. हे नाव भारतीय वाचकाला परके असू नये. १९३०च्या दशकाअखेरीस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात 'गोलकोंड' ही इमारत उभी राहिली तेव्हा वास्तुकार अँतोनिन रेमंड यांच्या वतीने बांधकामाची देखरेख करणारे नाकाशिमा तेच. आश्रमात त्यांना 'सुंदरानंद' असे नाव मिळाले होते.

मिनिडोकात त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. जपानमध्ये पारंपरिक सुतारकाम शिकलेले. उरल्यासुरल्या बांधकामाच्या फळ्या आणि वाळवंटातल्या झुडपांचे वेडेवाकडे लाकूड घेऊन दोघांनी बराकीतली खोली राहण्याजोगी करायला सुरुवात केली. आणि एमआयटीची पदवी असलेले वास्तुकार सुताराच्या हाताखाली हत्यारे धरायला शिकले. १९४३ साली रेमंड यांनी हमी घेतल्यावर नाकाशिमा कुटुंब सुटले आणि पेनसिल्व्हेनियात गेले. लाकडाच्या नैसर्गिक कडा आणि भेगा तशाच ठेवणारे त्यांचे टेबल आज अफाट किमतीला विकले जाते. या प्रसंगावरही 'संकटातून उमललेली कला' असे लेख लिहिले जातात. आम्हांला त्यांचा तिटकारा आहे. काटेरी तारेच्या आत सापडलेला गुरू ही त्या तारेची देणगी नव्हे. हिकोगावा तारेबाहेरही सुतारच होते. वास्तुकार आणि सुतार यांना एका बाकावर बसवायला छावणी लागली, ही त्या समाजाच्या रचनेवरची टीका आहे, छावणीची शिफारस नव्हे. आणि नाकाशिमांच्या चरित्रात हिकोगावा किती जागा व्यापतात? काही वाक्ये. येथेही एक करण आहे, तृतीयेत उभे.

शेवटी आमच्या अंगणातला मुद्दा. १९५७-५८मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या खर्चाने चार्ल्स आणि रे ईम्स भारतात सुमारे तीन महिने हिंडले आणि एप्रिल १९५८मध्ये त्यांनी अहवाल दिला. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या, एनआयडीच्या, स्थापनेमागे तो अहवाल आहे. त्यातला सर्वांत गाजलेला भाग लोट्याबद्दलचा. पाणी किती मावेल, डोक्यावर वा कमरेवर कसा नेता येईल, ओतताना धार कशी पडेल, आतून घासता येईल का, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहील, असे प्रश्न एकामागून एक विचारत ते शेवटी म्हणतात की अशी वस्तू कोणा एका माणसाने घडवणे शक्यच नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी ती घडवली.

आमच्याकडच्या अभिकल्पाच्या वर्गांत हा उतारा स्तोत्रासारखा वाचला जातो. वाचणाऱ्यांना त्यातला विरोधाभास बोचत नाही, याचे आम्हांला नवल वाटते. लोटा एकाचा असू शकत नाही, पण खुर्ची असू शकते? अनेकांचे हात, साहित्याचा स्वभाव, चुका, दुरुस्त्या, वापरणाऱ्याच्या तक्रारी यांतून जर लोटा घडला, तर क्रॅनब्रुक, नौदल, इव्हान्स आणि कार्यशाळेतले दहा-बारा लोक यांतून घडलेली खुर्ची कोणत्या वेगळ्या पद्धतीने घडली? फरक फक्त कालावधीचा. तेथे शतके, येथे सहा वर्षे. पण श्रेयाच्या हिशेबात फरक केवढा पडतो! पूर्वेकडच्या वस्तूला परंपरा असते आणि पश्चिमेकडच्या वस्तूला लेखक. परंपरेचा सन्मान होतो. लेखकाला स्वामित्वधन मिळते. ईम्स दांपत्याने हे कपटाने लिहिले असे आम्ही म्हणत नाही; लोट्यासमोर त्यांना आलेला आदर खरा आहे, आणि आपल्या कार्यशाळेतला अनुभवही त्या ओळींमागे असावा असे वाटते. कपट असलेच तर ते वाचणाऱ्यांच्या आळसात आहे.

कारण 'पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी' असे म्हणून टाकणे हेसुद्धा नाव पुसण्याचेच एक साधन आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्याला ठोक्याठोक्याने आकार देऊन वर मठार उठवणाऱ्या माणसाला स्वतःचे नाव, घर आणि वय असते. कोणाचा मठार कसा पडतो हे आळीत ओळखता येते. तो 'परंपरा' नव्हे. तो आज सकाळी कामाला बसलेला कारागीर आहे. लोट्याच्या बाबतीत अनेकांच्या नावाखाली एकेकाला गाडायचे, आणि खुर्चीच्या बाबतीत एकाच्या नावाखाली अनेकांना; दोन्हीकडे गाडले जाणारे हात काम करणाऱ्याचेच.

१९६४ साली नाकाशिमा पुन्हा भारतात आले ते एनआयडीतच, फर्निचरचे आराखडे करायला. ईम्स यांच्या अहवालातून उभ्या राहिलेल्या संस्थेत मिनिडोकाचा बंदिवान अहमदाबादच्या सुतारांबरोबर काम करीत होता. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची सूचना एवढीच: नाकाशिमांविषयी पुस्तके सहज मिळतील, ती नंतर वाचली तरी चालतील. आधी त्या सुतारांचा माग काढावा. हजेरीपत्रके असतील, रोजंदारीच्या पावत्या असतील, कोणाची मुले वा नातवंडे अजून त्याच धंद्यात असतील.